टमाट्याचं बूड दरवर्षी काळं पडतंय? चुना बाजूला ठेवा, पाण्याच्या पाळ्या बघा

पहिल्या घोसातली फळं लिंबाएवढी होतात, अजून हिरवीगार असतात, आणि एक दिवस खालून वाकून बघावं तर बुडाशी पाणचट डाग. चार-सहा दिवसांत तो तपकिरी होतो, मग काळा, चिवट आणि आत दबलेला. देठाकडची बाजू मात्र ठणठणीत. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावाच्या परसात आणि गच्चीवर हे दरवर्षी दिसतं, आणि दरवर्षी तेच सल्ले फिरतात: अंड्याची टरफलं टाका, खायचा चुना द्या, दूध-पाणी फवारा, बुरशीनाशक मारा. "टमाटा बुडले काया पडी ऱ्हायनात, काय टाकू?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, पाणी कधी देता, किती देता आणि मध्ये किती दिवस जातात? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

डाग तोच आहे ना, हे आधी बघा

एक फळ तोडून हातात घ्या. देठाच्या बरोबर उलट्या टोकाला, जिथे फूल वाळून गळतं, तिथे किंवा त्याला लागून डाग असेल तर तो हाच विकार. याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. हा संसर्ग नाही. बुरशीमुळे नाही, जिवाणूमुळे नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही. काळ्या डागावर पुढे बुरशीची लव चढते खरी, पण ती मेलेल्या भागावर नंतर आलेली असते. ती बघून लोक बुरशीनाशक आणतात आणि पैसे वाया घालवतात.

दुसरे प्रकारही ओळखून ठेवा. फळाच्या खांद्यावर, उन्हाच्या बाजूला पांढुरका कागदी चट्टा असेल तर फळाला ऊन लागलंय. गोल भोक आणि आत विष्ठा दिसली तर फळ पोखरणारी अळी. पानांवर वलयांचे डाग आणि फळावर देठाजवळ काळा खड्डा असेल तर करपा. पावसाळ्यात मातीला टेकलेल्या फळावर तपकिरी वलयं उठत असतील तर ती फळकूज, आणि ती मात्र बुरशीसारख्या रोगाची आहे. या चारांवर पुढचं काहीही लागू पडणार नाही.

शंका असेल तर फळ उभं चिरा. कधीकधी साल बाहेरून स्वच्छ असते आणि आत बुडाशी गर काळा पडलेला असतो. तोही हाच विकार.

मातीत कॅल्शियम आहे, फळाच्या टोकाला पोचत नाही

टोकाच्या पेशींना कॅल्शियम कमी पडलं की त्यांच्या भिंती आणि आवरणं टिकत नाहीत, पेशी फुटतात, आतलं पाणी बाहेर येतं. म्हणून पहिला डाग पाणचट दिसतो. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात. चूक पुढच्या पायरीला होते, "म्हणजे मातीत कॅल्शियम कमी आहे" असं धरून लोक चुना ओतायला लागतात.

कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर वर चढतं. पानं दिवसभर बाष्प सोडतात, त्या ओढीने मुळांकडून पाणी येतं आणि त्यातलं कॅल्शियम पानात उतरतं. फळाची साल गुळगुळीत, तिच्यातून बाष्प जवळजवळ जातच नाही, त्यामुळे फळाकडे येणारा वाटा आधीच छोटा. आणि नायट्रोजन किंवा पोटॅश जसं जुन्या पानातून निघून फळाकडे जातं, तसं कॅल्शियम जात नाही. एकदा पानात बसलं की बसलं. गल्लीतल्या शेवटच्या घराच्या नळासारखं फळाच्या टोकाचं असतं: जलकुंभ भरलेला असला तरी दाब कमी झाला की पहिल्यांदा तिथलंच पाणी बंद होतं.

फळ धरल्यापासूनचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात नाजूक, कारण तेव्हा ते झपाट्याने फुगतं. त्या काळात माती एकदा जरी पूर्ण कोरडी पडली तरी नुकसान होऊन जातं. डाग मात्र उशिरा दिसतो. म्हणून आज डाग दिसला तर आज काय चुकलं हे शोधू नका, मागच्या पंधरवड्यात पाण्याचं काय झालं ते आठवा.

आता आपल्या मातीचं बघू. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यातली काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आहे. खणताना पांढरे चुनखडीचे खडे हाताला लागतात. खात्री करायची असेल तर चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले की मातीत चुना भरपूर आहे. बोअरचं पाणी वापरत असाल तर कुंडीच्या कडेला, बादलीला, नळाच्या तोंडाला पांढरी खपली धरते ना? तीही मुख्यतः कॅल्शियमचीच. दर पाळीला तुम्ही झाडाला कॅल्शियम देतच आहात.

पाण्याच्या तऱ्हा, जशा आपल्याकडे असतात

आपल्या गावांत नळाला रोज पाणी कुठे येतं? दिवसाआड, चार दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. म्हणून पाणी आलं की नळी लावून सगळ्या कुंड्या तुडुंब भरायच्या, आणि पुढचं पाणी येईपर्यंत झाड कोमेजलं तरी थांबायचं. टमाट्याला मारणारी सवय ही. एकूण पाणी पुरेसं असलं तरी उपयोग नाही, कारण तुडुंब आणि कोरडं या दोन्ही टोकांना मुळं काम करत नाहीत. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, माती ओलसर पण चिकट नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोकला तर फुटतो, ती स्थिती सतत हवी.

कुंडीत काळी माती असेल तर एक गोष्ट जवळ जाऊन बघा. माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. बोट जाईल एवढी फट पडते. वरून पाणी ओतलं की ते त्या फटीतून थेट खाली जातं, ताटलीत साचतं, आणि आपल्याला वाटतं झाड तृप्त झालं. मधला मुळांचा गोळा मात्र कोरडाच. कुंडी तिरकी करून माती थोडी उकरून बघितलीत तर वर ओल, चार बोटं खाली भुकटी, असं दिसेल. अशी कुंडी एकदा मोठ्या घमेल्यात किंवा टबात ठेवा, घमेल्यात कुंडीच्या निम्म्यापर्यंत पाणी भरा, अर्धा-पाऊण तास राहू द्या. माती फुगून भिंतीला चिकटली की कुंडी बाहेर काढून निथळू द्या. फट शेणखत आणि मातीने भरून टाका. पुढच्या लागवडीला नुसती काळी माती कुंडीत भरू नका. निम्मी माती, बाकी चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू असू द्या.

कुंडीचा आकारही बघा. एका झाडाला पंधरा-वीस लिटरची कुंडी ही कमीत कमी. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये लावलेलं झाड मार्चच्या दुपारी दोन तासांत कोरडं पडतं, मग सकाळी कितीही घाला.

पाणी साठवायला टिपाड, म्हणजे मोठा ड्रम, ठेवा. नळाला पाणी येईल त्या दिवशी टिपाड भरायचं, झाडांना रोज थोडं द्यायचं. फळं धरलेल्या कुंडीतल्या झाडाला हिवाळ्यात दीड-दोन लिटर, एप्रिलमध्ये तीन-चार लिटरपर्यंत, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. हे आकडे धरून बसू नका, बोट दोन पेरं मातीत घाला आणि ठरवा. टिपाड विटांच्या चौथऱ्यावर उंच ठेवून बारीक नळी आणि ड्रिपर लावले की विजेशिवाय ठिबक चालतं. ठिबकचं सामान जळगावसारख्या शहरात न मिळायला झालंय काय, तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातही सुट्या नळ्या आणि ड्रिपर मिळतात. कठीण पाण्याने ड्रिपर चोंदतात, तेव्हा दर पंधरा दिवसांनी ते काढून फुंकून घ्या.

ठिबक नको असेल तर मडकं पुरा. दोन झाडांच्या मध्ये साधं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत मातीत, तोंडावर झाकण. त्यातून पाणी पाझरतं ते माती कोरडी असेल तसं, म्हणजे झाड स्वतःच आपली पाळी ठरवतं. चार दिवस लग्नाला जायचं असेल तर याहून भरवशाचं दुसरं काही नाही. बाजारात पाणी प्यायचे नवे माठ आले की जुनी मडकी फेकली जातात, ती मागून आणा. फक्त भोक किंवा तडा नसावा.

आणि आच्छादन. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. वाळलेली केळीची पानं, हरभऱ्याचं कुटार, गव्हाचा भुसा, उसाचं पाचट, जे हाताशी असेल ते खोडाभोवती दोन-तीन इंच जाड पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. उघडी काळी माती आपल्या उन्हात भेगाळते आणि भेग पडताना बारीक मुळं तुटतात. कॅल्शियम प्रामुख्याने मुळांच्या कोवळ्या टोकांतूनच आत येतं, त्यामुळे ती तुटली की नुकसान दुप्पट. फळं धरल्यावर खोडाजवळ खुरपं चालवणंही म्हणूनच टाळा. गवत हाताने उपटा.

जमिनीतल्या वाफ्यांना उलट त्रास असतो. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो, आणि रोज नळी सोडली तर मुळांना हवा मिळत नाही. पानं टवटवीत, माती पचपचीत, तरी बूड काळं, असं दिसलं की पाणी कमी करा. झाड सपाट वाफ्यात न लावता गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, लावलं तर पावसाळ्यातली निम्मी कटकट तिथेच मिटते.

एक बारीक पण कामाची गोष्ट. रात्री पानांतून बाष्प जाणं जवळजवळ थांबतं, तेव्हा मुळं पाणी खालून वर ढकलतात आणि पानांऐवजी फळांकडेही कॅल्शियमचा वाटा जातो. सकाळी पानांच्या कडांना पाण्याचे थेंब लटकलेले दिसतात ते याच दाबाने. मात्र संध्याकाळी माती कोरडी असेल तर हा दाब तयारच होत नाही. म्हणून फेब्रुवारीपासून पुढे संध्याकाळची पाळी चुकवू नका.

कोकोपीट आणि फिल्टरचं पाणी

कॅल्शियम खरोखरच कमी असण्याची शक्यता आहे ती इथे. गच्चीवर वजन नको म्हणून नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत भरलेल्या ग्रो बॅगा असतील तर त्यात आपली चुनखडीची माती नाहीच. शिवाय कोकोपीटमध्ये मुळातच पोटॅश आणि सोडियम असतं, आणि कोकोपीट कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं. अशा बॅगेत कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक-दोन ग्रॅम विरघळवून आठवड्यातून एकदा मुळाशी द्या. हे खत सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या खताबरोबर एका बादलीत मिसळू नका, तळाशी पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. आणि नवीन कोकोपीट भरण्याआधी दोन-तीनदा धुऊन घ्या.

आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायची पद्धत घरोघरी आहे. पाणी वाचवण्याची भावना चांगलीच आहे, पण या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार दाट होऊन उतरलेले असतात. माती खारट झाली की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. धरणगावकडच्या एका काकूंच्या गच्चीवर सगळं नीट होतं, कुंड्या मोठ्या, आच्छादन होतं, तरी दर घोसाचं बूड काळं. मातीवर पांढरी कड धरलेली दिसली तेव्हा पाण्याचं विचारलं, तर रोज हेच पाणी. ते पाणी फरशी पुसायला आणि भांड्यांना ठेवा. ज्या कुंड्यांना ते दिलंय त्यांतून एकदा कुंडीच्या दीडपट-दुप्पट साधं पाणी हळूहळू जाऊ द्या, म्हणजे साठलेले क्षार खाली वाहून जातील.

खतांचा हात आखडता घ्या

युरिया दिला की झाड उभारी धरतं, पानं मोठी होतात आणि पाणी व कॅल्शियम दोन्ही पानंच ओढतात. शिवाय युरियातून मिळणारं अमोनियम मुळाशी कॅल्शियमच्या आड येतं. म्हणून फळं धरू लागल्यावर युरिया बंद.

केळीच्या सालींचं पाणी आपल्या जिल्ह्यात घरोघरी घालतात, साली फुकट आणि मुबलक. त्यात पोटॅश भरपूर असतं, आणि पोटॅश जास्त झालं की कॅल्शियम मागे पडतं. महिन्यातून एकदा चालेल, दर दोन दिवसांनी नको. एप्सम सॉल्टचंही तसंच, त्यातलं मॅग्नेशियम कॅल्शियमशी स्पर्धा करतं. बूड काळं पडतंय म्हणून एप्सम सॉल्ट घालणं म्हणजे दुखणं वाढवणं.

आता चुना. खायचा चुना पाण्यात कालवला की द्रावण फार तीव्र अल्कधर्मी होतं, कोवळ्या मुळांना ते पोळतं. आपली माती आधीच अल्कधर्मी. तिच्यात चुना पडला की लोह आणि जस्त झाडाला मिळत नाही, शेंड्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एक दुखणं बरं करताना दुसरं लावून घेऊ नका. अंड्याची टरफलं अपाय करत नाहीत, पण अशा मातीत ती विरघळायला वर्षं लागतात, या हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग नाही. कंपोस्टमध्ये टाका. दुधाचं म्हणाल तर ते घरातल्या मुलांना द्या.

मग या उपायांनी गुण आला असं इतके लोक का सांगतात? कारण हा विकार पहिल्या-दुसऱ्या घोसाला जास्त येतो आणि पुढे मुळं खोल गेली, झाड स्थिरावलं, की बऱ्याचदा आपोआप कमी होतो. त्याच सुमाराला टरफलं टाकलेली असतात, श्रेय त्यांना जातं. लोक खोटं बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं, कारण पाण्याची पाळी तशीच राहिलेली असते.

पानांवर कॅल्शियमची फवारणी करावी का? पानावर पडलेलं कॅल्शियम पानातच राहतं. करायचीच असेल तर कोवळ्या, गोटीएवढ्या फळांवर द्रावण नीट बसेल अशी करा, कॅल्शियम नायट्रेट लिटरला चार-पाच ग्रॅम, ऊन उतरल्यावर. थोडीफार मदत होते. पाणी न सुधारता नुसती फवारणी मात्र करू नका.

नदीकाठी किंवा सखल भागात जमीन चोपण असेल, पाऊस पडला की चिखल आणि वाळली की दगड, पांढरट थर वर येणारी, तर तिथली गोष्ट वेगळी. तिथे मातीत कॅल्शियमची जागा सोडियमने अडवलेली असते आणि जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) कामाला येतो. पण तो अंदाजाने टाकू नका, माती परीक्षण करून प्रमाण विचारा; जळगावजवळ ममुराबादला, रावेर तालुक्यात पालला, आणि धुळे, नंदुरबारलाही कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

उन्हाळा, जात आणि आत्ता काय करायचं

मार्चच्या मध्यापासून आपल्याकडे कोरडा गरम वारा सुटतो. अशा दुपारी पानं इतकं बाष्प सोडतात की फळाकडे काही उरत नाही, मातीत ओल असली तरी. पश्चिमेकडून आडोसा करा, ३५ ते ५० टक्क्यांची शेडनेट डोक्यावर बांधा. झाडाची पानं मात्र ओरबाडू नका, फळं उघडी पडून उन्हाने भाजतात. पारा ३५ च्या बराच पुढे राहिला की फुलंही गळतात, तेव्हा मे महिन्यात टमाट्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ऑगस्टच्या शेवटी रोप टाकून सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली झाडं दिवाळीनंतर छान फळतात, आणि या विकाराचा त्रासही त्यांना कमी होतो.

लांबट, अंड्याच्या आकाराच्या रोमासारख्या जातींना बूड काळं पडण्याचा त्रास जास्त, चेरी टमाट्याला क्वचितच. गच्चीवर पाण्याची हमी नसेल तर चेरी किंवा छोटी गोल जात लावा. ढोबळी मिरची, दुधी आणि टरबूज यांनाही हाच विकार होतो. तिथेही बुरशीनाशकाच्या आधी पाण्याकडे बघा.

आज झाडावर डाग पडलेली जी फळं आहेत ती बरी होणार नाहीत. ती तोडून टाका, म्हणजे झाड त्यांच्यावर ताकद खर्च करणार नाही. डाग छोटा आणि कोरडा असेल, आत बुरशी नसेल, तर तेवढा भाग कापून उरलेल्या कच्च्या टमाट्याची चटणी करा, लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालून फार चांगली होते. पाणी आजपासून सुधारलं तरी आत्ता गोटीएवढी असलेली काही फळं पुढच्या आठवड्यात काळी पडतील, कारण त्यांचं नुकसान आधीच झालेलं आहे. तेवढ्यावरून उपाय बदलू नका. यापुढे जी फुलं फळं धरतील त्यांच्या बुडाकडे लक्ष ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी ती स्वच्छ दिसायला लागतात. तरीही नाही दिसली तर एक झाड मुळासकट उपटून बघा. मुळांवर गाठी असतील तर ते सूत्रकृमीचं, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचं, काम आहे. त्या कुंडीतली माती काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरून मेच्या उन्हात तापवा, आणि पुढच्या लागवडीला तिच्यात निंबोळी पेंड मिसळून झेंडू लावा.